रकान्याबाहेरच्या सात ओळी

१४ मार्च, सकाळ

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. समोर असते तर साष्टांग घातला असता. या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामध्ये आडवं होण्याइतकी जागा नाही, तेव्हा उभ्यानेच मानून घ्या. तब्येत ठणठणीत आहे. आईला सांगा, वजन कमी झालेलं नाही, उलट मागच्या वर्षीचे कपडे कुरकुर करतात. तिचा गुडघा कसा आहे? आणि तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घेतलात, की अजून पेपर हातभर लांब धरूनच वाचता?

तुमचं पत्र मिळालं. "तिथल्या राजकारणात नाक खुपसू नकोस, शिक्षण पुरं करून ये," असं तुम्ही दोनदा लिहिलंय, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, म्हणजे मधलं सगळं विसरले तरी चालेल अशी सोय. बाबा, नाक मी लांबच ठेवलं होतं. बोटाने घात केला, ते पुढे सांगते.

मी इथे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात अर्धवेळ काम करते हे तुम्हाला माहीत आहेच. भिंतीलगत कपाटं, खिडकीत एक मरगळलेलं झाड, आणि आमच्या बाई. बाई म्हणजे कार्यालयप्रमुख. बोलायला करड्या, पण हिवाळ्यात मला कुडकुडताना पाहून त्यांनी आपला जुना कोट आणून दिला, बाह्या आखूड करून. दरवर्षी हे कार्यालय आम्हा परदेशी मुलांकडून एक फॉर्म भरून घेतं. खोली कशी आहे, ग्रंथालय कसं आहे, आणि सतरावा प्रश्न: "आमच्या देशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल तुमचं मत काय?" खाली पाच चौकोन, 'अत्यंत समाधानकारक'पासून 'अत्यंत असमाधानकारक'पर्यंत, आणि त्याखाली थोडी मोकळी जागा. नाव लिहायचं नाही, पण कोपऱ्यात क्रमांक छापलेला असतो. आणि इथे राहण्याची मुदत वाढवून मिळते ती याच कार्यालयातून.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात या विषयावर रोज भांडी आपटतात. एकाच्या देशात यांनी पूल बांधून दिलाय, तो यांची तारीफ करताना थकत नाही. दुसऱ्याच्या देशात यांनी ज्यांना शस्त्रं विकली, त्यांनीच त्याच्या काकाला तुरुंगात टाकलं. तो ही तारीफ ऐकता ऐकता दूध उतू घालवतो. तिसरी म्हणते, मला पदवी द्या, लढाया तुमच्या तुम्ही बघा. पण फॉर्म समोर आला की सगळ्या गोगलगाई. चारशे बारा फॉर्म मी संगणकात भरले आणि एकजात सगळे समाधानी निघाले.

एक सोडून.

तो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा होता. मी तिला खारूताई म्हणते, कारण बिस्किटं, पेन्सिली, सुकामेवा, जे मिळेल ते ती लपवून ठेवते, त्यातलं अर्धं माझ्या खणात. तिच्या देशाचं बंदर इथल्या नौदलाने दोन महिने अडवून ठेवलंय. तिची आई तिथे दवाखान्यात परिचारिका आहे. खारूताईने एकाही चौकोनात खूण केली नव्हती. खाली अगदी नीट अक्षरात सात ओळी लिहिल्या होत्या. मला त्या पाठ झाल्या आहेत:

"तुमच्या ग्रंथालयाने मला जे दिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्या जहाजांनी आमचं बंदर अडवलं आहे. आईच्या दवाखान्यात भूल द्यायचं औषध संपलं आहे, टाके तसेच घालतात. ही दोन्ही कामं तुमचीच आहेत. दोन्हींसाठी मिळून एक चौकोन मला सापडला नाही."

मी बाईंना विचारलं, याचं काय करू? त्या म्हणाल्या, खूण नाही म्हणजे उत्तर नाही, शून्य भर, नियमच तसा आहे. मी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. अक्षर कुणाचं ते मला कळत होतं. तरी मी शून्य दाबलं.

मागच्या आठवड्यात अहवाल छापून आला. एकाही परदेशी विद्यार्थ्याने धोरणावर आक्षेप घेतलेला नाही, असं त्यात म्हटलंय, आणि तेच वाक्य परराष्ट्रमंत्र्यांनी भाषणात वाचून दाखवलं. खारूताईने नाश्त्याच्या वेळी ते भाषण छापलेला पेपर टेबलावर ठेवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "माझा कागद हरवला का गं?"

मी म्हणाले, "हरवला असेल."

घास घशात अडकायला हवा होता. मी गिळला, वर चहाही प्यायले. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

दोन दिवसांनी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. "दाबण्याआधी वाचलं होतंस का?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, दोनदा. संध्याकाळी खण उघडला तर बिस्किटं, पेन्सिली, सगळं तिने काढून नेलं होतं. तो रिकामा खण पाहून मात्र मला रडू आलं.

तेव्हा मला दगडखाण आठवली. मी नऊ वर्षांची होते. शाळामास्तर म्हणून शिरगणतीचं काम तुमच्या गळ्यात पडलं होतं आणि मी हट्टाने तुमच्या मागे चालत होते. बंद पडलेल्या खाणीत एक म्हातारा राहायचा. घर नाही म्हणून घरक्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून रकाना भरता येत नाही, तेव्हा त्याला सोडून द्या, असं वरच्या साहेबांनी सांगितलं होतं. तुम्ही समासात त्याची नोंद केलीत. कागद तीनदा परत आला, तीनदा तुम्ही तो तसाच पाठवलात. तुमची बढती त्यात अडकली आणि आई चार दिवस तुमच्याशी बोलली नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी त्याला बघितलंय ना. आता तो नाही, असं कसं लिहू?"

मीही वाचलंय, बाबा.

म्हणून अहवाल तयार करणाऱ्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिलंय आणि त्याची प्रत विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकाला. उत्तर आलं होतं, त्या जागी शून्य मी भरलं, दुरुस्ती करा, असं. खाली माझं नाव आणि सही. खारूताईला वाचायला दिलं. तिचा क्रमांक मी मुद्दाम गाळला होता. तिने पेन मागून घेतलं आणि तो स्वतःच लिहिला.

बाईंना आधी सांगितलं, त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं. त्या बराच वेळ खिडकीतल्या झाडाची पिवळी पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "जूनमध्ये तुझी मुदतवाढ माझ्याच टेबलावर येईल. पण तेव्हा माझ्या हातात किती असेल, ते मला माहीत नाही." ही धमकी नव्हती. त्यांनाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. कोट परत करायला नेला होता, तो त्यांनी घेतला नाही.

आणखी एक राहिलंय, आणि ते सांगायलाच मी इतकी पानं घेतली. त्या चारशे बारांत एक फॉर्म माझाही होता. मी 'समाधानकारक'वर खूण केली होती, सगळ्यांच्या आधी. या देशाने मला शिकवलं, तापाने फणफणले तेव्हा औषध दिलं, हे खरंच आहे. याच देशाने तिच्या आईच्या दवाखान्याचं औषध अडवलंय, हेही मला खूण करताना माहीत होतं. ती शेजारच्या पलंगावरून रोज सांगत होती. त्याच पत्रात मी माझंही उत्तर दुरुस्त केलंय, आणि मलाही त्याला सात ओळी लागल्या.

तुम्ही म्हणाल, एकच वर्ष उरलंय, तेवढं थांबायचं होतंस. थांबले असते तर मला थांबायची सवय लागली असती. मी परवानगी मागत नाहीये. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. आईला मात्र जरा बेतानेच सांगा, आधी गुडघ्याची चौकशी करून.

तिन्ही लिफाफे आज एकाच पेटीत टाकणार आहे. तुमचा पोचेल तेव्हा इथले दोन्ही उघडलेले असतील. जूनमध्ये मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तर काय झालं म्हणून विचारू नका, आत घ्या.

तुमची,
दगडखाणीपर्यंत तुमच्या मागे चालत आलेली
लेक