मान तुटलेल्या मोरांची चादर

सर, संग्रहालयाची खोली सोमवारपर्यंत रिकामी करा, असं संस्थेच्या सचिवांनी आज सांगितलं. तिथं कॉम्प्युटर बसवायचेत. चांगली दहा चित्रं निवडा, ती जिन्यात लावू, बाकीचं रद्दीत जाऊ दे, असं ते अगदी गोडीगुलाबीनं म्हणाले. मी नाही म्हटलं. तुम्ही असता तर दोन शब्द जास्त बोलला असता, पण माझाही आवाज चढलाच.

ही खोली चांगल्या चित्रांसाठी कधी नव्हतीच, हे मी त्यांना सांगत बसले. आपल्या कलाशाळेची रीतच वेगळी. तुकडी बाहेर पडताना बक्षिसाचं चित्र तुम्ही ज्याचं त्याला घरी न्यायला लावायचात आणि फसलेलं मागून घ्यायचात. काय चुकलं ते त्यानंच चिठ्ठीवर लिहून खाली नाव घालायचं. तिरप्या गेलेल्या घागरी, एक खांदा वर नि एक खाली असलेली माणसं, विणकरांच्या घरांतून आणलेले नक्षीचे जुने चौकटीचे कागद, त्यांवर खोडून पुन्हा भरलेले चौकोन. कुणी पाहुणा हसला की तुम्ही तुमच्या सांगोल्याच्या बोलीत म्हणायचात, "चांगलं बघून पोरगं गप बसतंय. चुकलेलं बघितलं की पेन्सिल उचलतंय." परवाच पहिल्या वर्षाची एक मुलगी त्या तिरप्या घागरीपुढं बसून आपली घागर सरळ करत होती.

माझी चूक तुम्ही विसरला नसाल. चादरीच्या नक्षीसाठी चौकटीच्या कागदावर मोर काढताना घाईत मानेची एक ओळ भरायची राहिली. त्या कागदावरून चादर विणणाऱ्या विणकरकाकांना ते लगेच दिसलं होतं, तरी तुम्ही त्यांना आहे तसंच विणायला लावलंत. आठवड्यानं तुम्ही चादर टेबलावर पसरता, सगळी तुकडी भोवती उभी आहे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकजात सगळ्या मोरांच्या माना तुटलेल्या. "मागाला काय, त्यो तू सांगशील तेच ऐकणार की," एवढंच तुम्ही म्हणालात. मला रडू कोसळलं. रडतच मी चिठ्ठी लिहिली, आणि तुम्ही चादर दारासमोरच्या भिंतीवर लावलीत.

आज सचिवांना हे तावातावानं ऐकवताना माझी नजर त्याच भिंतीवर गेली आणि जीभ अडखळली. तिथं नुसते दोन खिळे आहेत. तुम्ही गेलात, किल्ल्या माझ्याकडे आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात ती चादर मी उतरवून घरी नेली. शिकवणाऱ्या बाईंचीच चूक मुलांनी कशाला बघायची, असं वाटलं. सर, मला त्याची लाज वाटते.

सोमवारी सामान हलवायला माणसं येतील. त्याआधी चादर खिळ्यांवर असेल आणि मी दारात खुर्ची टाकून बसलेली असेन. त्यांना आत जायचं तर आधी माझ्याशी बोलावं लागेल. हे पत्र कपाटातच राहील, पण चिठ्ठीवर जुन्या चुकीखाली नवी चूकही मी लिहिलीय: लपवून घरी नेली. इतकी वर्षं थंडीत तीच पांघरत होते, हे मात्र लिहिलं नाही.