जुनी प्रत दिसत नव्हती

सिहोरा
१९ मे

प्रिय मनिष,

तुझा फोन लागत नाही म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला नीट लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असूनही शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास. पण हे मी स्वतःच लिहायला हवं. दोन महिने फोनवर जे तोंडातून निघालं नाही, ते कागदावर तरी निघेल.

आई बरी आहे, म्हणजे जेवते. उन्हामुळे आपलं कॉम्प्युटर सेंटर सकाळी सात ते अकरा एवढंच उघडते. पोरं येतात, पण आधीसारखी नाही. येतात आणि विचारतात, "ताई, आज चालू आहे ना कॉम्प्युटर?" मी हो म्हणते आणि दुसरीकडे बघते.

तुला आठवतं, आधी ते सहा जुने कॉम्प्युटर दर आठवड्याला बिघडायचे? कोणी फाइल उडवायचं, कोणी काहीबाही टाकून ठेवायचं. तू दर रविवारी नागपूरहून गाडीवर येऊन सगळं नव्याने भरायचास. मग एका रविवारी तू कॉम्प्युटर चालवणारी नवी सिस्टिम, ती न बदलणारी लिनक्स, घेऊन आलास. मला समजलं नाही, तेव्हा तू ओट्यावर बसून समजावलंस, "ताई, याच्या पायाले कोणालेच हात लावता येत नाही. ना पोट्ट्यांले, ना तुले. आपले फोटो, फाइली वेगळ्या राहतात, त्या बदलता येतात. अपडेट आला का पूर्ण नवा पाया बाजूले तयार होते. पूर्ण झाला तरच कॉम्प्युटर त्याच्यावर चालू होते. मधातच लाइन गेली तर जुना पाया जसाच्या तसा राहते. आणि नवा वाकडा निघाला, तर सुरू करताना पहिल्याच पडद्यावर जुनी प्रत निवडाची. झालं!" मी हसले होते. एवढा खटाटोप कशाला म्हणाले होते. पण मनिष, सव्वा वर्ष एकही मशीन बंद पडलं नाही. तुझे रविवार मोकळे झाले आणि हीच लिनक्स टाकून द्यायची म्हणून तू तीस शाळांची यादी करायला लागलास.

आता ऐक. जानेवारीत मी नवीन प्रिंटर-स्कॅनर आणला. त्याच्याबरोबरचं सॉफ्टवेअर तुझ्या लिनक्सवर बसेना. नुसतं म्हणे, इथे काही बदलता येत नाही. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "त्याले वेगळा रस्ता आहे ताई, रविवारी येतो, तोवर थांब." खरं सांगते, मला रागच आला. माझंच सेंटर, माझंच मशीन, आणि दोन मिनिटांच्या कामासाठी भावाची वाट बघायची? दारात फॉर्मवाल्यांची रांग उभी. मी तुमसरहून प्रिंटरवाल्याला बोलावलं आणि सहाही मशीनवरून तुझं सगळं काढून साधी लिनक्स टाकून घेतली. स्कॅनर त्याच दुपारी सुरू झाला. तुला वाईट वाटेल म्हणून पडद्यावरचं चित्र तेच ठेवलं, आणि तुला सांगितलं की स्कॅनरचं जमलं, येऊ नको. तू खूश झालास. विचारलंही नाहीस कसं जमलं.

आणि मग मार्चमधला तो दिवस. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख. गर्दी व्हायच्या आधी आटपून घेऊ म्हणून मी सहाही मशीनवर एकदमच अपडेट लावला. अर्ध्यात लाइन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच मेली होती. दोन वाजता लाइन आली तेव्हा सहाही पडदे काळे. बाकीच्या मुली कागद घेऊन तुमसरला पळाल्या, त्यांचं झालं. आंबागडची खुशबू तेवढी राहिली. तिचे मूळ कागद भंडाऱ्याच्या कॉलेजात जमा होते, स्कॅन फक्त माझ्या मशीनमध्ये. पाच वाजता साइट बंद होणार होती.

मी तुला फोन लावला. तू म्हणालास, "घाबरू नको. बंद करून चालू कर आणि पहिल्या पडद्यावर जुनी प्रत निवड." मी म्हणाले, दिसत नाही. "दिसलीच पाहिजे ताई, नीट पाह्य." मी म्हणाले, नाही दिसत. तू चार-पाचदा तेच विचारलंस, तुझा आवाज बारीक होत गेला. ती का दिसत नाही हे मला माहीत होतं, मनिष. तेव्हाच सांगितलं असतं तर तू दुसरं काहीतरी सुचवलं असतंस. तीन तास हातात होते. पण खुशबूचे वडील केवळरामभाऊ माझ्या टेबलासमोर उभे होते, आणि मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला म्हणाले, "तुह्याच सिस्टिमनं धोका दिला." तू लगेच निघतो म्हणालास. मी नको म्हटलं. पाच वाजले, खुशबूचा फॉर्म राहिलाच, आणि संध्याकाळीच प्रिंटरवाल्याकडून सगळी मशीनं पुसून घेतली, म्हणजे तुला कधी कळू नये.

पुढच्या रविवारी तू घरी न येता सरळ आंबागडला गेलास, केवळरामभाऊंच्या पाया पडलास, हे मला लोकांकडून कळलं. केवळरामभाऊ म्हणाले होते, "तुह्या मशीनवर भरोसा ठेवला जी आमी." तरीही मी गप्प राहिले. घरी परतल्यावर आईसुद्धा तुझ्यावर चिडली, तेव्हाही.

परवा मी आंबागडला गेले. केवळरामभाऊ तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं जमा करतात त्या जागी होते, तिथेच सगळ्यांसमोर खरं सांगितलं. ते पानांचे पुडे मोजत राहिले. खुशबूचं लग्न ठरलंय, शब्द दिला म्हणतात. मी हात जोडले, वर्षभर थांबा म्हटलं, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः भंडाऱ्याला बसून भरून देते. हो म्हणाले नाहीत. खुशबू मात्र मागे पांदणीच्या वाटेपर्यंत आली. म्हणाली, "मनिषदादाले मी फोनवर लय वाईट बोलली. मेला तरी चालते म्हटलं. त्यायले सांगा ना, मी तसं नाही म्हणत जी." आणि रडायला लागली.

तुझी लिनक्स बरोबर होती. तिच्यात लहानसं काम लांबच्या रस्त्याने करावं लागतं, दर अपडेटला मशीन बंद-चालू करावं लागतं, डिस्क जास्त लागते. हे सगळं खरं. पण चाळीस पोरांचे हात लागणाऱ्या मशीनसाठी आणि माझ्यासारख्या उतावीळ बाईसाठी तीच हवी होती. ती बिघडली नव्हती. ती तिथे नव्हतीच.

काल तुझा खोलीतला सोबती सचिन तुझी बॅग घेऊन आला. म्हणाला, तीन आठवडे झाले, नोकरी सोडली, खोली सोडली, कुठे जातो ते सांगितलं नाही. बॅगेत तुझी वही होती. तीसही शाळांच्या नावांवर रेघ ओढलेली आणि खाली तुझ्या अक्षरात, "खुशबूचं साल माझ्यामुळे गेलं. मी कोणाच्याच कामाचा नाही." ते वाचून आईने पदर तोंडात कोंबला. पोलिसात कळवलं आहे. या पत्राच्या तीन प्रती केल्या आहेत, एक सचिनकडे, एक आसगावच्या मामांकडे, एक तुझ्या कॉलेजातल्या मेघाकडे. तू यांच्यापैकी कोणाकडे तरी जाशील या एकाच आशेवर. मनिष, ते तुझ्यामुळे झालं नाही. माझ्यामुळे झालं. घरी येऊ नको वाटलं तर येऊ नको, माझं तोंड बघू नको, पण आईच्या फोनवर एक मिस कॉल दे. आम्ही उचलणार नाही, काही विचारणार नाही. फक्त एकदा वाजू दे.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
गुंजनताई