न चाखलेलं सूप

स्कोफिल्ड्स,
१४ जुलै २०२५

नुपूरच्या बाबांना,

लताचा नमस्कार. फोनवर तिचं नाव काढलं की तुम्ही ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. अक्षर माझं चौथीतलंच आहे, सांभाळून घ्या. चष्मा लावा आधी.

नात झाली हो तुम्हाला! केवढं जावळ, आणि नाक थेट तुमचं, मधे जरा बसकं. जांभई देते तीही तुमच्यासारखी, आवाज करून. मी तर नुसती बघत बसते. इथे जुलैत कडाक्याची थंडी, सगळंच उलटं. शेजारी सगळी आपलीच पोरं, कोण पुण्याचं, कोण ठाण्याचं. एकीने बाळंतशेपा आणून दिल्या. पेंडल हिलच्या दुकानात अळीवसुद्धा मिळाले, लाडू केले.

लाडू तसेच आहेत डब्यात.

नुपूर खात नाही. बाळ रडलं तरी उठत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टरीण म्हणाली, होतं असं एखाद्या बाळंतिणीला, औषध सुरू केलंय, पण पोटात काही जायला हवं. कशालाच हो म्हणेना. काल जावयाने फार विचारलं तेव्हा म्हणाली, तुझ्या आईचं सूप.

जावई, मॅथ्यू. तुम्ही नाव घेत नाही, मी घेते. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे, पुरुष असून! पण बाळाला दुपट्यात माझ्यापेक्षा छान गुंडाळतो. सगळं चिरून ठेवलंन आणि शिफ्टला गेला. "नो वरीज आई, आल्यावर मी करीन," म्हणाला. म्हटलं, तोवर पोरगी उपाशी? मीच केलं.

आता बसून वाचा. ते सूप गाईच्या मांसाचं असतं.

पदर नाकाला बांधला. कांदा परतला, मग ते परतलं, पाणी घातलं. डाळीचा काढतो तसा वरचा फेस काढला. गाजर, बटाटा, त्यांची ती सेलरी, आणि भिजवलेली बार्ली. बार्ली म्हणजे आपले जवच हो, होमाला लागतात ते. दुपारभर मंद गॅसवर ठेवलं, जव फुलून दाट झालं. चाखलं नाही. नैवेद्याचं कुठे चाखतो, तसंच अंदाजाने उरकलं.

नुपूरने एक चमचा घेतलान आणि म्हणाली, "आई, मीठच नाहीये. चाखलं नाहीस ना?"

"अगं, मी कशी चाखणार?"

"बरोबर. किळस येते तुला. बाबांना येते तशीच. माझीपण येत असेल." वाटी सरकवली, परत भिंतीकडे.

एवढी वाक्यं मी आल्यापासून बोलली नव्हती.

मी मीठ आणलं, घातलं, आणि तिच्यासमोर चमचाभर प्यायले. हो, प्यायले. म्हटलं, "आता बरोबर आहे. घे."

"वेडी आहेस का तू? बाबा तुला घरात घेणार नाहीत."

"मग राहीन इथेच. सोफा मऊ आहे तुमचा."

हसली नाही. पण अर्धी वाटी प्यायली. बाळाला अजून जवळ घेत नाही, लांबून बघते.

मग हळूच म्हणाली, "सांगणारेस बाबांना?" म्हटलं, सांगणार. तर म्हणते कशी, "मला टाकलं तसं तुलाही टाकतील." एवढा संसार केला मी तुमच्याबरोबर, पण "नाही गं, तसं नाही करणार," एवढं माझ्या तोंडून निघेना. मी वाटी विसळायला गेले.

ते तुम्ही सांगा तिला, तुमच्या तोंडाने. उशीर नका करू.

उद्या पुन्हा करणार आहे. चाखूनच वाढणार.

घरात घ्या, नका घेऊ, तुमचीच
लता