आठवं नाव

सोमवार, ५ जानेवारी

कॉलेजात विषयबदल सुरू. खिडकी तीन, म्हणजे मी. दहाला शटर वर केलं तर रांग पार जिन्यापर्यंत. एकाला तत्त्वज्ञान सोडायचंय, कारण तास सकाळी सातला असतो. दुसऱ्याला तेच घ्यायचंय, कारण मैत्रिणीने घेतलंय. कारणाच्या रकान्यात दोघांनीही 'अभ्यासाची आवड' लिहिलंय. मी दोन्हींवर शिक्का मारला.

बारा दिवस चालणार हे. घसा आजच बसलाय.

बुधवार, ७ जानेवारी

बाबा शिकवतात त्या नकाशारेखनाला आठ नावं. बरोबर आठ. त्याखाली गेलं की विषय बंद, असा नियम. शेवटच्या दिवशी चारच्या ठोक्याला जी संख्या असेल ती खरी.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "आठ? बरेच आहेत की." खूश वाटले नाहीत. यादी पुढे केली तर, "तूच वाच, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे." चष्मा कपाळावर होता. दोघंही हसलो.

शुक्रवार, ९ जानेवारी

आई गेल्यावर चार महिने बाबा त्या खुर्चीतून उठत नव्हते. साहेबांच्या मागे भुणभुण लावून हे तास मीच मिळवले — निवृत्त माणूस आहे, ताशी शिकवेल, बिघडलं कुठे! तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दाढी होते, शर्टाला इस्त्री होते. तास गेले तर बाबा पुन्हा खुर्चीत. मला ते परत बघवणार नाही.

सोमवार, १२ जानेवारी

अजून आठच. दर तासाला यादी उघडून बघते. दोन नंबरच्या खिडकीवरची म्हणाली, "तिथे दूध ठेवलंयस का उतू जायला?"

बुधवार, १४ जानेवारी

बाबांनी सकाळी चहा गाळला. निम्मा बशीत, थोडा ओट्यावर. "कप बदललेस का गं?"

कप तेच आहेत. फडकं फिरवलं आणि धावत बस गाठली.

शुक्रवार, १६ जानेवारी

केलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. नाहीतर उद्या मीच स्वतःला वेगळं काहीतरी सांगेन.

चारला वीस कमी असताना एक वेणीवाली मुलगी आली. नकाशारेखन सोडायचं, संख्याशास्त्र घ्यायचं. तिकडे एकच जागा उरलेली. अर्ज चोख भरलेला. शिक्षकाच्या रकान्यात बाबांची सही, रेघ सोडून पार खाली घसरलेली. मनाला लागलं असेल, हात थरथरला असेल, असं वाटलं मला.

शिक्का हातात होता. मारला की सात.

मी म्हणाले, "ग्रंथालयाची सही कुठेय?"

"ती लागते?"

"लागते."

नाही लागत. तीन वर्षांपूर्वीच ती अट काढून टाकली. ग्रंथालय पलीकडच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पोरगी पळत गेली. मी पेन्सिलींना टोकं करत बसले. हातातली झाली तर खणातल्या काढल्या. चार वाजले, शटर ओढलं. सहा मिनिटांनी बाहेरून टकटक. मग पुन्हा. मी उघडलं नाही. तिने अर्ज खालच्या फटीतून आत सरकवला आणि गेली. मी तो न बघताच खणात टाकला.

अट काढल्याचं दोन नंबरवालीला माहीत आहे. माझ्याकडे बघत राहिली, मग पर्स उचलून गेली. रोज आम्ही बरोबर निघतो.

एकवीस वर्षांत या खिडकीतून पहिल्यांदा खोटं बोलले. लाज वाटतेय. पण बाबांचे तास राहिले.

शनिवार, १७ जानेवारी

जेवताना सांगितलं — आठ कायम, विषय चालू. बाबांचा हात ताटातच थांबला.

"कोणीच नाव काढलं नाही?"

"नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं हो."

अर्धं ताट टाकून उठले. म्हणाले, भूक नाही.

सोमवार, १९ जानेवारी

आज नव्या सत्राचा पहिला तास. बाबांनी दाढी केली नाही. बूट घालून दाराशीच बसून राहिले. म्हणाले, "फळ्यावर काढलेली रेघ मलाच दिसत नाही गं. सहा महिने झाले. मुलं सांभाळून घेतात. तू एवढं करून दिलंस, तुला कुठल्या तोंडाने सांगू? त्या वेणीवालीला संख्याशास्त्रच हवं होतं. मीच म्हटलं तिला, शेवटच्या दिवशी जा, माझी सही घेऊन जा. विषय आपोआप बंद होईल, कुणाला काही सांगायला नको."

ऑफिसात येऊन खण उघडला. अर्ज तिथेच आहे. ग्रंथालयाची सही आहे, तीन पंचावन्नची, म्हणजे चारच्या आतली, वेळही आहे.