किनाऱ्याच्या नकाशावरील हरकत

३ नोव्हेंबर, सकाळी ७
सरकारने किनारपट्टीचा नवा नकाशा काढला आहे. ज्या वाळूवर बायका पिढ्यानपिढ्या मासळी वाळवतात, ती त्यात ‘मोकळी जागा’. तिथे म्हणे पार्किंग होणार. आणि याला किनाऱ्याचं संरक्षण म्हणायचं! संताप आला. हरकती द्यायची मुदत तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. मी मुख्याध्यापिका म्हणून बत्तीस वर्षं काढली आहेत. माझं पत्र गेलं की यांना घाम फुटेल.

५ नोव्हेंबर
आमची मासेवाली (आवाजामुळे आम्ही तिला भोंगा म्हणतो) सगळ्या बायकांचा अर्ज दाखवायला आली. पाच ओळी, खाली चाळीस सह्या-अंगठे. ‘वाळू नकाशात दाखवा, नाहीतर मासे काय साहेबांच्या टेबलावर वाळवायचे?’ सरकारला असं लिहितात? म्हटलं, हा देऊ नकोस, हसतील. मी लिहिते. ती म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुमच्यावर सोपवलं. पण आमचं पोट त्या वाळूवर आहे.

११ नोव्हेंबर
सहा पानं झाली. अजून प्रस्तावनाच. पाया भक्कम हवा.
हे म्हणाले, एक पान पुरे. ज्यांनी जन्मात वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, त्यांनी बोलू नये.

१९ नोव्हेंबर
मूळ नकाशा बघायला ऑफिसात गेले. नकाशा कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. क्लार्कला असा झापला की त्याने उठून खुर्ची दिली. बसले नाही. घरी येऊन सरकारी उद्धटपणावर नवं प्रकरण लिहिलं. अकरा पानं. काम वेगात आहे.

२४ नोव्हेंबर
भोंगा दारात. बाई, झालं का? म्हटलं, शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही तुम्हाला. म्हणाली, आमच्याकडे निवेपर्यंत मांजर घेऊन जातं. उर्मटपणा! उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहायचं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०
गजर वाजला नाही. यांनी घड्याळाला हात लावला असणार.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७
सत्तेचाळीस पानं. दुपारी तीनला तयार. तेवढ्यात दिसलं, टायपिस्टने पान एकतीसवरची तळटीप गाळली आहे. तसंच देणं माझ्या स्वभावात नाही. पुन्हा टाइप करून घेतलं. ऑफिसात पोचले पाच वीसला. शिपाई कुलूप लावत होता. कोणत्या शाळेत शिकलास, असं विचारलं. तो म्हणाला, बाई, खिडकी सकाळपासून उघडी होती, चिटोरंसुद्धा घेत होतो. असल्या माणसांमुळे देश मागे आहे.

८ डिसेंबर
ऑफिसच्या बोर्डावर लागलं: ‘प्राप्त हरकती: निरंक. नकाशा मंजूर.’ निरंक! सत्तेचाळीस पानं माझ्या टेबलावर धडधडीत असताना!
भोंगा आली. म्हणाली, आमचा पाच ओळींचा कागद दिला असता तर बोर्डावर एक तरी हरकत लागली असती. तिला यंत्रणेचा सडकेपणा मुद्देसूद समजावला. ती मधेच उठून गेली. ऐकून घ्यायची सवयच नाही या लोकांना.

१५ डिसेंबर
दूधवाल्याकडून कळलं: वाळूवर खोदायचं मशीन आलं आणि भोंगा चाळीस बायका घेऊन त्याच्यापुढे बसली. सकाळपासून काम बंद. साहेब स्वतः त्यांच्याशी बोलायला गेले आहेत.
मला बोलावणं आलेलं नाही. घाईत राहून गेलं असेल. उन्हाची छत्री दाराशी काढून ठेवली आहे.