पुढे चौतीस, मागे चौतीस

विजयनगर, म्हैसूर
बुधवार, ८ नोव्हेंबर २०२३

चि. वेणीस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात काय लिहावं या विचारात दोन कागद फाडले. सून म्हणून लिहायचा हक्क तीन वर्षांपूर्वी कोर्टाच्या कागदावर संपला. ‘चिरंजीव’ लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तेवढं लिहिलं. तू हे पत्र वाचशील की तसंच बाजूला ठेवशील, याची धाकधूक आहे. निदान शेवटपर्यंत वाच.

घरात आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, भूक मात्र शाबूत आहे. नरसिंह बेंगळुरातच असतो. त्याचं लग्न ठरलं, हे तुला धारवाडात एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच. आपल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही. मुलगी तुळसी नावाची आहे, शांत आणि हसरी. त्यांचं चांगलं व्हावं आणि तुझंही, एवढंच देवाकडे मागते.

आता कामाचं. मला सायकलीबद्दल तुझा सल्ला हवा आहे. हसू नकोस.

झालं असं की लग्नाआधी घर आवरायचं म्हणून नरसिंहने फोनवर सांगितलं, “अम्मा, माळ्यावरची ती फ्रेम कुणाला तरी देऊन टाक. सुम्ने, उगाच जागा अडवून बसलीय.” तू इथेच सोडून गेलेली सायकलची ती निळी फ्रेम, जुन्या चादरीत गुंडाळलेली. स्टुलावर चढून मी ती काढली, पुसली, आणि कुणाला द्यायला मन होईना. मेटगळ्ळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी गियरचे दाते तपासले, हे तुला माहीतच आहे. अर्धवट वस्तू समोर आली की अजून हात शिवशिवतात. ठरवलं, ही सायकल पुरी करायची. हे म्हणाले, “बासष्ट वर्षांची बाई रेसच्या सायकलीवर? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोक म्हणेपर्यंत मी पुढे गेलेली असेन.”

चाकं, ब्रेक, हँडल, सगळं हुणसूर रस्त्यावरच्या दत्तोजीरावांच्या दुकानातून जमलं. गाडी अडली ती क्रँकवर. पेडलचे दांडे किती लांब घ्यायचे आणि पुढच्या दोन चकत्यांना दाते किती, यात माझा महिना गेला.

दांड्याची लांबी पायाच्या मापावर ठरते म्हणे. मी ह्यांच्या हातात टेप दिली. बायकोच्या पायाचं माप घ्यायचं म्हणून ह्यांनी आधी खिडकी लावून घेतली, आणि मग साडीवरूनच, निऱ्या खोचतो तिथपासून खाली टाचेपर्यंत टेप सोडली. तोच आकडा मी दुकानात दिला. दत्तोजीरावांनी त्याप्रमाणे एकशे पंचाहत्तर मिलिमीटरचे दांडे लावले. पहिल्याच फेरीत माझा गुडघा पोटाला लागला. त्यांनी टेप मागून घेतली, माप कसं घेतलं ते विचारलं, आणि म्हणाले, “अक्का, हे तुमच्या पायाचं माप नाही, साडीचं आहे. तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होता ना, अल्लवा?” केसाएवढ्या फरकासाठी मी जन्मभर लोकांचं काम परत पाठवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुकाट्याने एकशे पासष्टचे दांडे बसवून घेतले. तुझी-माझी उंची एकच, तेव्हा तुलाही तेच लागतील.

मग दाते. दत्तोजीराव म्हणाले, “बावन्न बेडा, नको अक्का, स्वल्प हलकं घ्या.” मला ते लागलं. मी हट्टाने पुढे बावन्न आणि छत्तीस घेतले, मागे सगळ्यात मोठी चकती अठ्ठावीसची. पंजाबी ड्रेस घालून, सकाळी सहाला येलवालच्या दिशेने निघाले. सपाटीवर काय गेले म्हणून सांगू. येलवालच्या अलीकडे चढ लागला आणि धापा टाकत उतरले. सायकल ढकलत नेली, शेजारून एक दूधवाला मोपेडवरून मागे बघत बघत गेला.

आठवड्याने बदललं. पुढे सेहेचाळीस आणि चौतीस, मागे चौतीस. चढावर पुढे चौतीस आणि मागेही चौतीस लावले की पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. वेग जेमतेम, पण पाय थकत नाहीत. त्याच चढावर बसल्या बसल्या गेले. वर पोचून हॉटेलात कॉफी प्यायले, दोन इडल्या खाल्ल्या, आणि उगाचच एकटी हसत बसले. आता आठवड्यातून तीनदा जाते. किती वर्षांनी मला इतकं बरं वाटतं आहे.

इथवर वाचून तू म्हणशील, दाते ठरले, सायकल चालली, मग सल्ला कशाला हवा? खरं आहे. सल्ला हे निमित्त.

फ्रेमच्या चादरीत तुझ्या हातची एक चिठ्ठी होती. वर लिहिलेलं, ‘मी: ५२-३६.’ खाली माझं, ‘अत्ते: ४६-३४, मागे ३४. क्रँक एकच चालेल, चकत्या तेवढ्या बदलायच्या. अत्तेंना नवरात्रानंतर विचारायचं.’ ती फ्रेम तू दोघींसाठी आणली होतीस, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

चिठ्ठी मला पहिल्याच दिवशी सापडली. तरीही मी बावन्नच लावून घेतले. तुझे आकडे खरे मानले असते, तर बाकीचंही मानावं लागलं असतं.

बाकीचं म्हणजे रणोजीरावांच्या घरची ती बैठक. ह्यांचे थोरले भाऊ म्हणून तुमचं भांडण मिटवायला तेच बसले होते. त्यांनी मला विचारलं, “जयलक्ष्मी, तू घरात असतेस, तू सांग काय ते.” आणि मी म्हणाले, “हिला घरापेक्षा सायकल प्यारी. आमचा विचार हिच्या मनात कधीच नसतो.” तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस.

ते खोटं होतं, वेणी. नरसिंह घरी यायचं टाळत होता, आला तरी तुझ्याशी धड बोलत नव्हता, हे मी रोज बघत होते. पोटच्या मुलाचा दोष चारचौघांत सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुझ्यावर ढकलला. माझ्या एका वाक्याने तुमचं मोडलं असं मी म्हणत नाही, तुमचं पटत नव्हतंच. पण जाताना तुझ्या पदरात तो ठपका मी बांधला. माझं चुकलं. मला त्याची फार लाज वाटते.

गेल्या रविवारी रणोजीरावांकडे गेले आणि त्यांना नि गोदावरी जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बिडम्मा, सोड, आता कशाला उकरतेस?” मी म्हटलं, “तेव्हा तुमच्यासमोर बोलले, तर मागेही तुमच्यासमोरच घेते.” जाऊबाईंनी डोळे पुसले आणि मला ताक आणून दिलं. नरसिंहलाही फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अम्मा, मला तेव्हाच ठाऊक होतं.” त्याच्याही मनात ते असणार. तो तुला कधी काही लिहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी माझ्यापुरतं लिहिते आहे.

पत्राबरोबरच्या डब्यात बावन्न आणि छत्तीसच्या चकत्या आहेत. हट्टाने घेतल्या होत्या मी, पण माप तुझंच आहे. तुझ्या सायकलीला लाव, नाहीतर नुसत्या ठेव. ये असं म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही. पण कधी आलीस, तर त्या बरोबर आण. पाच बोल्ट आहेत, या निळ्या सायकलीवर मी स्वतः बदलून देईन. तू येलवालला जाऊन ये, मी दारात उभी राहीन.

एक सांगायचं राहिलं. साखळी मी तुझ्या बावन्नच्या मापाने लांब ठेवली आहे. माझ्या लहान चकत्यांवर ती सैल लोंबते, खडखडते. दत्तोजीराव दर खेपेला म्हणतात, “अक्का, दोन कड्या काढून टाकू.” मी काढू देत नाही.

तुझी,
अत्ते