शाळेच्या मशीनला माझा प्रोग्राम पेलेना

१२ जून, मेहकर
प्रोग्राम पूर्ण. आठवी ते दहावीचं वेळापत्रक घरच्या लॅपटॉपवर एका झटक्यात आलं. सी प्लस प्लस मी या वयात एकटीने शिकले. कुणी विचारणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.
जानेफळच्या शाळेचं वेळापत्रक इतकी वर्षं मीच करायचे. एप्रिलअखेर निवृत्त झाले, तर यंदा पुष्पाबाई करणार म्हणे. पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या टोचून! शाळा आहे की भाजीबाजार? हेडमास्तर हिंमतराव फोनवर म्हणाले, शाळेच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवा, मग दरवर्षी तुम्हीच करा. उद्या पेनड्राइव्ह घेऊन जाते. जेवायच्या वेळेला घरी परत.

१३ जून
चाललं नाही. मशीन म्हणतं, 'जीलिबसीएक्सएक्स ३.४.३२' सापडत नाही. नाव ठेवायचीही एक पद्धत असते.
कॉम्प्युटर शिकवणारी अंजुम माझीच विद्यार्थिनी, भूमितीत काठावर पास. मला समजावू लागली: मॅडम, तुमचा कंपायलर नवा, इथली स्टँडर्ड लायब्ररी जुनी. प्रोग्राम जे मागतो ते इथे नाहीच. सोर्स कोड द्या, तुम्ही लिहिलेला मूळ मजकूर, इथेच कंपाइल करू. मी म्हटलं, पोळ्या करून आणल्या आहेत, कणीक मळायला आलेली नाही. "बरं मॅडम" म्हणाली. शिस्त अजून आहे थोडी.
पुष्पाबाई मागून म्हणतात, "अंजुम, बाईंवर मशीन काऊन रुसून राह्यली वं?" बी.एड. झालेल्या बाईची ही भाषा. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

१४ जून
इंटरनेटवर वाचलं. बहुतेक सल्ले मूर्खांनी मूर्खांना दिलेले. उपाय साधा: माझ्या लॅपटॉपमधली लायब्ररीची फाइल सोबत न्यायची. अंजुमला एवढंही सुचू नये!
संकल्प: यापुढे कुणाला काही विचारायचं नाही.

१६ जून
फाइल नेली. प्रोग्रामशेजारी ठेवली, तिची जागा त्याला दाखवली. पहिली तक्रार गेली. आता ती नवी फाइलच म्हणते, मला 'जीलिबसी २.३८' हवी. सून आणावी आणि तिने आईला बोलावून घ्यावं, तसं. हरकत नाही. उद्या आईलाही आणते.
अंजुम म्हणाली, मॅडम, त्या फाइलला हात नका लावू, अख्खी मशीन तिच्यावर चालते. भित्री मुलगी. भूमितीतही अशीच.

१७ जून
आईला आणलं. अंजुम चहाला गेली होती. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेलाच असतो. जुनी फाइल काढली, नवी बसवली. त्यानंतर मशीनने अबोला धरला. फाइलींची यादी दाखव म्हटलं, नाही. तारीख सांग, नाही. बंद करून चालू केलं, तर उठलंच नाही.
हिंमतराव धावत आले. दाखल्यांचं काम अडलं म्हणाले. मी सांगितलं, एका फाइलने मरणारं यंत्र आज ना उद्या मरणारच होतं. शाळा भरायच्या आधी कळलं, हे नशीब समजा. आभार मानायची रीत या शाळेत कधी नव्हतीच. उलट पुष्पाबाईंना म्हणाले, तुमच्या चिठ्ठ्या तयार ठेवा.

१९ जून
अंजुमने मशीन पुन्हा उभं केलं. सिस्टिम तीच जुनी, त्या डब्याला नवी झेपत नाही. मी सोर्स कोड दिला. तिथेच कंपाइल केला. चहा निवायच्या आत चालला, एकही तक्रार न करता.
पहिल्या दिवसापासून मी हेच सांगत होते.

२० जून
प्रिंट काढून टीचर्स रूममध्ये लावली. सगळे उभं राहून वाचत होते. कुणाचाही तास कुणाच्या तासावर आलेला नाही. एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, थक्क झाले.
मग पुष्पाबाई, कधी नव्हे त्या हळू आवाजात: "बाई, दहावीचं गणित तुमच्याच नावावर आलं ना."
आठवीचं, नववीचंही. सोमवार ते शनिवार. शिक्षकांची यादी पाठच होती, म्हणून मी न बघता टाइप केली होती. प्रोग्रामची काहीही चूक नाही.
हिंमतरावांनी नव्या मास्तरचं नाव सांगितलं, गोपाल काहीतरी. विचारलं, मॅडम, तुमचं काढून त्यांचं टाकायला किती वेळ लागेल?
एका ओळीचं काम.
मी म्हणाले, वेळ लागेल.